मळ्यात उचलून नेता येईल असं हरितगृह: नाशिकच्या हवेला कसं बांधावं?

मळेकरीण, गिरणारे · ८ मे

मंडळी, थोडं सविस्तर लिहिते.

सोमवारी संध्याकाळी वळीव आला. आधी धूळ, मग दहा मिनिटं नुसता वारा. माझं रोपांचं छप्पर खुंट्यांसकट उचललं गेलं आणि बांधापलीकडच्या शेजारच्या दादांच्या द्राक्षबागेत जाऊन पडलं. त्यांची खरड छाटणी होऊन नुकते कोवळे शेंडे फुटले होते, त्यातले बरेच मोडले. दादा काही बोलले नाहीत, उलट छप्पर सोडवायला हात लावला. त्याचंच जास्त वाईट वाटलं. मिरची-टोमॅटोचे अकरा ट्रे उलटे झाले.

छप्पर म्हणजे काय होतं? वायरिंगच्या पीव्हीसी पाइपाच्या कमानी, जमिनीत ठोकलेल्या सळयांवर खोचलेल्या, वरून २०० मायक्रॉनचा यूव्ही कागद, म्हणजे उन्हाला टिकणारं प्लॅस्टिक. १० फूट बाय १२ फूट. हलकं होतं, दोघांनी उचलता यायचं. तेच नडलं.

मला हलवता येणारंच का हवं, तेही सांगते. आमच्या मळ्यात घराच्या मागे पाच वर्षं एक कायमचं छोटं पॉलिहाऊस होतं. त्यात टोमॅटो, काकडी, पुन्हा टोमॅटो. तिसऱ्या वर्षापासून झाडं दुपारी माना टाकायची आणि संध्याकाळी सावरायची. मला वाटायचं पाणी कमी पडतंय. एक झाड उपटून बादलीत मूळ धुतलं, तर मुळांवर आल्याच्या कुड्यांसारख्या गाठीच गाठी. सूत्रकृमी, म्हणजे मुळांत शिरणारे अगदी बारीक जंत. निंबोळी पेंड घातली, ट्रायकोडर्मा ही उपयोगी बुरशी दिली, मधे झेंडूही लावून पाहिला. थोडा फरक पडला, पण छपराखालची माती ना कधी पावसाने धुतली जाते, ना मोकळ्या उन्हात भाजते. वर खतांचे क्षार पांढरे होऊन साचतात ते वेगळंच. शेवटी मी ते पॉलिहाऊस काढून टाकलं.

आता माझ्या मनात असं आहे: तीन वाफे शेजारी शेजारी, आणि छप्पर एकच. एका वाफ्यावर ते उभं, बाकी दोन उघड्यावर विश्रांतीला. हंगाम संपला की छप्पर सरकवायचं. जमीन जागेवर राहू दे, घर फिरू दे.

तर दोन गोष्टी विचारते. उचलता येण्याइतकं हलकं आणि वाऱ्याला न उडण्याइतकं जड, हे दोन्ही एकत्र कसं साधायचं? आणि कागद, शेडनेट, कीटकरोधक जाळी हे सगळं एकाच सांगाड्यावर आलटून पालटून कोणी लावतं का?

---

फॅब्रिकेशनवाला, अंबड · ८ मे

ताई, नुकसान वाचून वाईट वाटलं. माझं काम शेड आणि गेटचं आहे, पण वाऱ्याचा हिशोब सगळीकडे सारखाच.

वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाने वाढतो. वेग दुप्पट झाला की जोर चौपट. ताशी ६० किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो धरा. तुमचं छप्पर १२० चौरस फूट, म्हणजे ११ चौरस मीटर. गोल छपरावरून वारा गेला की तो वर ओढतो, आणि ती ओढ जवळजवळ तेवढीच धरली तर १९० किलोच्या आसपास होते. हाच वारा ताशी ३० चा असता तर ४७-४८ किलो. म्हणून रोजच्या वाऱ्यात छप्पर नीट उभं राहतं, आपल्याला वाटतं पक्कं आहे, आणि एका वळवात जातं.

यात दार उघडं राहिलं असेल तर आणखी वाईट. वारा आत शिरतो आणि पोतं फुगावं तसं छप्पर आतून फुगवतो. वरची ओढ आणि आतला फुगारा दोन्ही एकाच दिशेने काम करतात. दार उघडं होतं का?

खुंट्या कितीही ठोका, काळ्या मातीत एक पाऊस झाला की त्या लोण्यातल्या सुरीसारख्या निघतात. हलवायच्या गोष्टीला वजनच हवं, आणि ते चौकटीवर बसलेलं हवं. नुसतं शेजारी ठेवलेलं वजन काही धरून ठेवत नाही.

---

मळेकरीण · ८ मे

हो दादा, पश्चिमेचं दार उघडंच होतं. दुपारी गरम होतं म्हणून रोज उघडते.

---

वेळूबन, सुरगाणा · ९ मे

आमच्याकडे लोखंडाचा विचार कोणी पहिला करत नाही. कळकाच्या कामट्या काढायच्या, दोन बोटं रुंद, गाठी आतून तासून घ्यायच्या म्हणजे वाकवताना तुटत नाहीत आणि कागदाला टोचत नाहीत. उभ्या खांबांना मानवेल बांबू, तो भरीव असतो.

बांबू हिवाळ्यात तोडलेला घ्या, आणि दोन-तीन आठवडे वाहत्या पाण्यात बुडवून ठेवा. आतली साखर-पीठ धुऊन गेलं की घुण लागत नाही. हे न करता लावलेला बांबू पहिल्याच पावसाळ्यानंतर पिवळी भुकटी सोडायला लागतो. टोक मात्र मातीत खुपसू नका, वाळवी तिथूनच चढते. काही लोक टोकाला जळकं ऑइल लावतात, पण भाजीच्या वाफ्यात ते नको. पाइपाचा वीतभर तुकडा रोवून त्यात बांबू बसवावा.

आमचे लोक अजून राब भाजून, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा-फांद्या जाळून, नागली-भाताची रोपं करतात. त्या मातीत तण आणि कीड आधीच जळलेली असते, रोप जोमदार येतं. तुम्ही जे जमीन मोकळी ठेवायचं म्हणता ते मला म्हणून पटलं. माती तापली पाहिजे.

---

निफाडचा गारठा · ९ मे

मे महिन्यात थंडीचं बोलतोय, पण बांधताना हे आत्ताच लक्षात घ्या. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५ च्या खाली जातो, गिरणाऱ्यालाही नदीकडच्या बाजूने चांगलाच गारठा असतो. अशा वेळी मिरची-ढोबळीचं बी उगवतच नाही, नुसतं मातीत बसून राहतं.

लोकांचा समज असतो की कागद लावला की आत ऊब. दिवसा हो. रात्री नुसत्या एका पदराच्या कागदाखाली बाहेरच्यापेक्षा दोन-तीन अंश जास्त मिळाले तरी पुष्कळ. मोकळ्या आकाशाच्या रात्री तेवढेही मिळत नाहीत, कारण साधा पॉलिथिन कागद जमिनीची उष्णता आरपार जाऊ देतो.

मी काळे रंगवलेले पाण्याचे कॅन ठेवतो. २०० लिटर पाणी रात्रभरात १० अंशांनी निवलं तर सव्वादोन युनिट विजेइतकी उष्णता सोडतं. ऐकायला भरपूर वाटतं, पण अख्ख्या छपराखाली त्याने एखाद-दीड अंशाचाच फरक पडतो. खरा फरक पडतो आतल्या दुसऱ्या पांघरुणाने. ट्रे कॅनच्या कडेला लावायचे आणि ट्रे व कॅन दोन्हींवर मिळून १७ जीएसएमच्या (चौरस मीटरला १७ ग्रॅम भरणाऱ्या) क्रॉप कव्हरच्या पातळ कापडाचं बुटकं टनेल करायचं. एका जाड गोधडीपेक्षा दोन पातळ गोधड्या ऊबदार, तसंच हे.

आता वरच्या अंबडच्या दादांचा मुद्दा बघा. तुम्हाला चौकटीवर वजन हवंय. मला रात्रीसाठी पाणी हवंय. पाणी हेच वजन धरलं तर? हलवायच्या दिवशी तोटी सोडायची, पाणी वाफ्याला जाईल, कॅन रिकामा.

---

फॅब्रिकेशनवाला, अंबड · ९ मे

निफाडकर काका, हे डोक्यात आलंच नव्हतं. ताई, असं करता येईल. चौकटीच्या चारही कोपऱ्यांना आतल्या बाजूने अँगलची बैठक, प्रत्येक बैठकीवर ५० लिटरचा कॅन. २०० किलो झाले, आणि सगळं वजन चौकटीवर. सांगाडा जीआयचा, म्हणजे जस्त चढवलेल्या लोखंडी पाइपाचा, केला तर त्याचे ८०-९० किलो वेगळे. मिळून २९० च्या घरात. ताशी ७० च्या वाऱ्यापर्यंत हरकत नाही, दारं बंद असतील तर. त्यापुढच्या वाऱ्याला कागद सोडवून टाकणं हाच उपाय. कागद निघाला की सांगाड्यातून वारा आरपार जातो.

कॅन औषधाचे घेऊ नका. कितीही धुतले तरी शंका राहते, आणि ते पाणी तुम्ही भाजीला सोडणार आहात.

---

नाशिकरोडची गच्ची · ११ मे

हे सगळं गच्चीवर करता येईल का? आमची तिसऱ्या मजल्यावरची गच्ची आहे.

---

फॅब्रिकेशनवाला, अंबड · ११ मे

काकू, एवढं मोठं नको. गच्चीवर वारा जास्त आणि खाली माणसं. कठड्याच्या उंचीच्या आतच राहील असं तीन फुटी टनेल करा, कठड्याला बांधा.

---

मळेकरीण · २ जून

बांधलं. जसं झालं तसं सांगते.

भाव रोज हलतो, म्हणून वजनात लिहिते, ज्याने त्याने आजच्या दराने गुणावं. अर्धा इंची मध्यम जीआय पाइप, ६ मीटरची एक लांबी ७ किलोहून थोडी जास्त भरते. अशा ११ लांब्या लागल्या, म्हणजे ८० किलो. पाच लांब्यांच्या पाच अख्ख्या कमानी, दर तीन फुटांवर एक. २० फुटांचा पाइप १० फुटांवर वाकवला की मधली उंची सात फुटांच्या वर जाते, माणूस ताठ चालतो. बाकीच्या सहा लांब्यांत तळाची चौकट, तीन आडवे पाइप आणि दोन्ही तोंडांचे दाराचे खांब.

कमानी वाकवायला जमिनीवर फर्मा केला. विटांच्या जोत्यावर खडूने अर्धा आकार काढला, रेषेवर सळईचे तुकडे ठोकले, आणि पाइप हळूहळू त्यांना टेकवत नेला. पहिल्या कमानीला घाई केली तर पाइप मधेच चेपला. पुढच्या चार वेळी बारीक रेती ठासून भरली, दोन्ही तोंडांना लाकडी बुचं मारली, मग वाकवलं. एकही चेपला नाही. माथा पूर्ण गोल ठेवला नाही, किंचित टोकदार केला.

जोड शक्यतो नट-बोल्टचे आणि यू-क्लॅम्पचे. वेल्डिंग फक्त कॅनच्या बैठकांना. वेल्डरने आधी ग्राइंडरने जस्त घासून काढलं आणि काम उघड्यावर केलं, कारण जस्त जळताना निघणारा पांढरा धूर छातीत जातो. घासलेल्या जागी नंतर जस्ताचा रंग लावला.

कागद ७ मीटर बाय ६ मीटर घेतला, २०० मायक्रॉन, यूव्हीवाला. पावणेआठ किलो भरला. दोन्ही तोंडांचे पडदे जुन्या कागदातून कापले. मोठ्या पॉलिहाऊसला कागद धरायला प्रोफाइल आणि झिगझॅग स्प्रिंग असते. पण मला दर हंगामाला कागद काढायचा आहे, म्हणून वेगळं केलं. ठिबकची २० मिमीची जुनी लॅटरल (नळी) होती. तिचे चार-चार इंचांचे तुकडे केले आणि कटरने उभे चिरले. अर्धा इंची जीआय बाहेरून २१ मिमीच्या वर असतो, त्यामुळे चिरलेला तुकडा त्यावर उघडून चपकन बसतो आणि कागद दाबून धरतो. १६ मिमीची लॅटरल आधी वापरून पाहिली, ती वाऱ्याने निसटत होती. तुकड्याची कड ब्लेडने मोडून घ्या, नाहीतर तिथूनच कागद फाटतो.

एक चूक वेळेवर लक्षात आली. तळाची चौकट चारही बाजूंनी पक्की केली होती. मग विचार केला, हे उभ्या पिकावरून सरकवायचं झालं तर? पुढची खालची पट्टी झाडं मोडत जाईल. म्हणून दोन्ही तोंडांच्या दाराचे खांब आणि खालची पट्टी बोल्टची केली. चार बोल्ट काढले की तोंड मोकळं.

लांबी पूर्व-पश्चिम ठेवली. पावसाळी वारा पश्चिमेकडून येतो, त्याला अरुंद तोंड मिळतं.

---

देवळाईतला वाचक · ३ जून

ताई, मेहनत दिसतेय, पण मनापासून विचारतो. एवढ्या ८० किलो लोखंडाची गरज आहे का? नर्सरीतून तयार रोपं आणली तर घरापुरती दोन ट्रे पुष्कळ होतात. गिरणाऱ्यापासून नर्सऱ्या काही लांब नाहीत.

---

मळेकरीण · ३ जून

दादा, संकरित टोमॅटोची रोपं हवी असती तर मीही नर्सरीतूनच आणली असती. पण माझ्याकडे सासूबाईंनी राखलेलं बी आहे. लांबट हिरवी वांगी, पांढरी मिरची, घरचा घेवडा. ते कुठल्याच नर्सरीत मिळत नाही. वर्षातून एकदा ते लावून पुन्हा बी धरलं नाही तर ते आमच्या घरातून जाईल. हे छप्पर त्यासाठी आहे. वांगी-मिरचीला फुलावर ४० मेशच्या (इंचाला ४० भोकांच्या) जाळीत बंद ठेवलं तर शेजारच्या शेतातला पराग येत नाही, बी शुद्ध राहतं. आणि पांढरी माशी बऱ्यापैकी बाहेर राहिल्याने मिरचीला चुरडा-मुरडा (पानं आकसण्याचा रोग) कमी येतो.

---

देवळाईतला वाचक · ४ जून

हे मला कळलं नव्हतं. बी झालं तर पांढऱ्या मिरचीचं चिमूटभर मलाही द्या.

---

घाटमाथा, त्र्यंबक · १९ जून

पाऊस लागायच्या आत दोन गोष्टी. आमच्याकडे पाऊस काय असतो ते सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे छपरं पडताना भरपूर पाहिली आहेत. ती वाऱ्याने कमी पडतात, पाण्याने जास्त.

कागद दोन कमानींच्या मधे सैल असला की तिथे पाणी थांबतं. मीटर-मीटरचा खोलगट भाग आणि त्यात सरासरी दोन इंच पाणी, म्हणजे ५० किलो. पाणी थांबलं की कागद ताणतो, ताणला की खड्डा वाढतो, वाढला की आणखी पाणी. रात्रीतून कमान वाकते. तुमचा माथा टोकदार आहे हे चांगलं. तरी माथ्याच्या दोन्ही बाजूंना, हात वर करून पोचेल तिथे, कमानींवरून लांबीच्या दिशेने एक-एक तार ओढून घ्या. द्राक्षाच्या मांडवाची जुनी तार चालेल, पण तिच्यावर आधी लॅटरल चढवा, कागदाला गंज लागता कामा नये.

दुसरं, छपराचं पाणी चौकटीच्या कडेलाच पडतं आणि आत झिरपतं. दोन्ही बाजूंना वीतभर खोल चर काढा, उताराने लांब न्या. हे नाही केलं तर बाहेर पूर आणि आत चिखल.

---

मळेकरीण · २१ जुलै

काका, तार आणि चर दोन्ही केले. मागच्या आठवड्यात चार दिवस सूर्य दिसला नाही, छपरावर कुठेही पाणी थांबलं नाही.

पावसाळ्यात माथ्यावर कागद आणि दोन्ही बाजूंना खालचे तीन फूट जाळी, असं ठेवलं आहे. कागदाची खालची कड एका पाइपाला गुंडाळली आहे. हँडल फिरवलं की पडदा वर जातो आणि आतून जाळी उघडी होते. दोन्ही बाजू मिळून ७२ चौरस फूट उघडं होतं, म्हणजे जमिनीच्या निम्म्याहून जास्त. त्यामुळे ढगाळ हवेत आत कोंडत नाही.

तरीही एकदा फटका बसला. तीन दिवस सततच्या पावसात मी पडदे खालीच ठेवले होते. सकाळी आत गेले तर कागदाच्या आतून थेंब लोंबकळत होते, आणि कोथिंबिरीच्या एका पट्ट्यात रोपं जमिनीलगत बारीक होऊन आडवी झाली होती. बोटाने उचललं तर देठ दोऱ्यासारखा. रोपांची मर. तेव्हापासून पाऊस असो नसो, सकाळी साडेआठला पडदे वर, आणि पाणी सकाळीच, संध्याकाळी कधीच नाही. मर तिथेच थांबली.

उरलेली कोथिंबीर मात्र बघण्यासारखी आहे. बाहेरच्या वाफ्यातली पानं पावसाने झोडपून चिखलात लोळली. आतल्या जुडीला मातीचा कण नाही. आषाढात बाजारात कोथिंबिरीचा भाव काय होतो ते सगळ्यांना माहीत आहे. आम्ही चार घरं यातलीच खातोय.

---

एकलहऱ्याची वाट · ३० ऑगस्ट

याला अनुदान मिळतं का कोणाला माहीत आहे?

---

निफाडचा गारठा · ३० ऑगस्ट

घरगुती छपराला नाही. रोपवाटिका योजना आहे, पण ती १,००० चौरस मीटर शेडनेट उभारून रोपं विकणाऱ्यांसाठी. ताईंचं छप्पर ११ चौरस मीटरचं. आणि कोणी कांद्याच्या उळ्यासाठी (रोपांसाठी) असं छप्पर करायचं म्हणत असेल तर एक लक्षात घ्या. गुंठा १,०८९ चौरस फुटांचा, हे छप्पर १२०. घरच्या खाण्यापुरत्या कांद्याचं उळं होईल, एकराचं नाही होणार. दिवाळीच्या सुमाराच्या अवकाळीत तेवढं वाचलं तरी मोठी गोष्ट.

---

मळेकरीण · ६ जानेवारी

बऱ्याच दिवसांनी लिहिते आहे, पण आता पहिल्यांदा छप्पर हलवल्यानंतरचं सगळं सांगता येईल.

ऑक्टोबरच्या शेवटी पहिल्या वाफ्यावरून दुसऱ्यावर नेलं. सकाळी कॅनच्या तोट्या सोडल्या, पाणी पालकाला गेलं. पूर्वेकडच्या तोंडाचे चार बोल्ट काढले. आम्ही सहा जण होतो, तिघं एका बाजूला, तिघं दुसऱ्या. दोघांनी बाजूचे पाइप धरले की मधली कमान लवते, म्हणून तिसरा माणूस मधेच हवा. दुसऱ्या वाफ्यावर घेवडा आधीच गुडघ्याएवढा होता, छप्पर त्याच्यावरून गेलं आणि एक शेंडाही मोडला नाही. चौकट ठेवायला जमीन सपाट नव्हती, एका कोपऱ्याखाली फळी घालावी लागली. कॅन पुन्हा भरेपर्यंत पाऊण तास. पुढच्या वेळी आधी जमीन पाणसळीने बघून घेणार.

थंडी. गेल्या आठवड्यात पहाटे साडेसहाला बाहेर ७ अंश, छपराखाली साडेनऊ, आणि कॅनजवळ क्रॉप कव्हरच्या आत साडेबारा. निफाडकर काकांनी सांगितलं होतं तसंच. पांढऱ्या मिरचीचं बी चौदाव्या दिवशी उगवलं. मागच्या वर्षी याच दिवसांत उघड्यावर टाकलेलं बी महिनाभर दिसलं नव्हतं. दुपारी मात्र जपावं लागतं. परवा पडदे उघडायला अकरा वाजले तर बाहेर २८ असताना आत ४१ झाले होते, क्रॉप कव्हरखाली त्याहून जास्त. रोपं कोमेजली, पाणी शिंपडून वाचली. थंडीच्या दिवसात रोपं थंडीने जातील ही भीती असते, प्रत्यक्षात ती उन्हाने जाऊ शकतात.

पहिला वाफा आता उघडा आहे. त्यावर परतीचा पाऊस पडून गेला, आता झेंडू आहे. मे महिन्यात झेंडू मातीत गाडून, पाणी देऊन, वर पातळ पारदर्शक कागद अंथरून सहा आठवडे तापवणार आहे. मगच तिथे छप्पर परत.

काल दुसऱ्या वाफ्यातलं एक वांग्याचं झाड मुद्दाम उपटलं आणि त्याच बादलीत मूळ धुतलं. पांढरी, बारीक, केसासारखी मुळं. शोधूनही गाठ सापडली नाही.

उन्हाळ्यासाठी ५० टक्के सावलीचं हिरवं शेडनेट आणून ठेवलं आहे. मार्चमध्ये कागद उतरवून पोत्यात, सावलीत ठेवणार. कागदाचं आयुष्य उन्हाने संपतं, म्हणून वर्षातले तीन-चार महिने तो उन्हात नसणं चांगलंच.

---

फॅब्रिकेशनवाला, अंबड · ६ जानेवारी

ताई, कागद गुंडाळा, घडी घालू नका. घडीवर तो पुढच्या वर्षी चिरतो. आणि बोल्टना आत्ताच ग्रीस लावा, मे मध्ये वळवाच्या आधी एकदा सगळे आवळून घ्या.

---

वेळूबन, सुरगाणा · ७ जानेवारी

आमच्या पाड्यावरच्या दोन बायकांना हा धागा वाचून दाखवला. त्यांना सहा फूट बाय आठ फुटांचं, पूर्ण बांबूचं करायचंय, कॅन २० लिटरचे. तळाच्या चौकटीला बांबू चालेल का?

---

फॅब्रिकेशनवाला, अंबड · ७ जानेवारी

कमानी बांबूच्या चालतील, चौकट लोखंडाची ठेवा दादा. वजन तिच्यावर बसणार आहे, आणि उचलताना हातही तिलाच लागणार. मोजून २८ फूट पाइप लागेल, दोन लांब्यांत होईल. क्षेत्रफळ ४८ चौरस फूट, म्हणजे साडेचार चौरस मीटर. ६० च्या वाऱ्याला ओढ ७६ किलो. २० चे चार कॅन ८० किलो, त्यात चौकटीचे १०-१२. जेमतेम बसतंय, म्हणून कोपऱ्यात एक-एक दगड बांधा आणि दारं बंद ठेवा. बैठका मी करून देतो, अंबडला आलात की घेऊन जा.

---

मळेकरीण · ७ जानेवारी

वेळूबन दादा, त्यांना पांढऱ्या मिरचीची रोपं माझ्याकडून. फेब्रुवारीच्या शेवटी पाच-सहा पानांवर येतील. देवळाईतल्या दादांनाही त्याच वेळी.